बारा वर्षं झाली तरी राग तोच, मग पवित्रीकरण झालं कुठं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाप्तिस्मा घेऊन बारा वर्षं झाली. दारू सुटली, खोटं बोलणं बरंच कमी झालं, उपासना चुकत नाही. राग मात्र जिथल्या तिथे. गेल्या महिन्यात धाकट्या मुलाच्या हातून काहीतरी फुटलं आणि तुम्ही इतके ओरडलात की तो पलंगाखाली जाऊन लपला. त्या रात्री पत्नी म्हणाली, "तुम्ही प्रार्थनेत रडता ते खरं, की हे खरं?" आता तुम्ही विचारता: पवित्रीकरण, म्हणजे माणसाचं पवित्र होत जाणं, देव करतो की मी करायचं? देव करत असेल तर अजून झालं का नाही? मी करायचं असेल तर ते माझ्याने होत नाही. आणि मुळात माझं तारण, म्हणजे पापातून सुटका, तरी झालंय का?

एकतीस वर्षं मी पाळकाचं काम करतोय. पापाचं नाव बदलतं, पण हाच प्रश्न मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलाय आणि स्वतःलाही विचारलाय. उत्तर लांबणार आहे. पण पलंगाखालचा तो मुलगा डोळ्यांपुढे ठेवूनच लिहितोय.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो मनात टोचत असेपर्यंत बाकीचं काही आत शिरणार नाही. तुम्ही सगळा हिशेब असा मांडलाय: आधी मी बदलेन, बदल पुरेसा झाला की मी देवाचा आहे हे सिद्ध होईल. शास्त्र, म्हणजे बायबल, दुसऱ्या टोकाकडून सुरू होतं. तू देवाचा झालास, आता त्याला शोभेल असा हो. तुमची बारा वर्षांची दमछाक बरीचशी या उलट्या क्रमातून आलीय असं मला वाटतं.

'पवित्र' हा शब्दच पाहा. मराठीत तो ऐकला की निर्मळ, डाग नसलेलं असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. इब्री भाषेतला 'कादोश' आधी वेगळी गोष्ट सांगतो: वेगळं काढलेलं, देवाच्या मालकीचं. बायबलमध्ये सर्वांत आधी पवित्र ठरला तो एक दिवस, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातला सातवा दिवस. पुढे जळत्या झुडपाजवळची जमीन. मग निवासमंडपातला, म्हणजे इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूतला, दीपवृक्ष, वेदी, गंगाळ. गंगाळाला कसली नीती असणार? ते चांगलं वागलं म्हणून पवित्र झालं नाही. तेलाने अभिषेक करून ते देवाच्या सेवेसाठी ठेवलं, म्हणून पवित्र झालं. एकदा तसं झालं की त्याचा वापर बदलला, त्याची निगा बदलली, ते कुठेही कशालाही न्यायचं नाही असं ठरलं. आधी मालकी, मग वागणूक.

नव्या करारात हे आणखी ठळक होतं. करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, प्रेषित पौल आपल्या पत्राच्या पहिल्याच वाक्यात ख्रिस्त येशूमध्ये पवित्र केलेले लोक म्हणतो. आता ही मंडळी कशी होती? पुढारी निवडून त्यांचे गट पाडलेले. एक जण बापाच्या बायकोबरोबर राहत होता, आणि मंडळीला त्याची लाज नव्हती. विश्वासणारे एकमेकांना कोर्टात खेचत होते. प्रभुभोजनाला एक उपाशी, तर दुसरा प्यालेला. हे सगळं त्याच पत्रात पुढे आहे. पत्र लिहायला बसला तेव्हा पौलाला हे माहीत होतं, तरी त्याने सुरुवात खरडपट्टीने केली नाही. तुम्ही कोणाचे आहात ते आधी सांगितलं आणि मग त्याच आधारावर एकेका पापाला हात घातला. सहाव्या अध्यायात तर तो म्हणतो की तुम्ही धुतलेले, पवित्र केलेले, नीतिमान ठरवलेले आहात. सगळं झालेलं. म्हणून हे सोडा.

तेव्हा तुमच्या तारणाची खूण तुमच्या रागाच्या तापमापकावर शोधू नका. ती ख्रिस्ताच्या वधस्तंभावर शोधा. इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात चार ओळींच्या अंतरात दोन्ही गोष्टी आहेत: येशूच्या देहाच्या एकदाच झालेल्या अर्पणाने आपण पवित्र केलेले आहोत, आणि ज्यांचं पवित्रीकरण होत आहे त्यांना त्याने एकाच अर्पणाने कायमचं पूर्ण केलं आहे. झालेलं आणि होत असलेलं. यातलं एक सोडून दुसरं धरलं की माणूस एक तर निर्धास्त होतो, नाहीतर हताश. तुम्ही हताशपणाकडे झुकला आहात, म्हणून पहिल्या अर्ध्यावर मी इतका वेळ घेतला. निर्धास्त माणूस समोर असता तर आधी इब्री १२:१४ उघडलं असतं, जिथे पवित्रीकरणावाचून कोणी प्रभूला पाहणार नाही असं स्पष्ट लिहिलंय.

आता मधला प्रश्न. देव करतो की मी?

यावर मंडळ्यांमध्ये जुने मतभेद आहेत आणि तुमच्या कानावर वेगवेगळं आलं असेल. प्रॉटेस्टंट शिकवण नीतिमान ठरणं आणि पवित्र होत जाणं या दोन गोष्टी वेगळ्या धरते. पहिली एका क्षणात, ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर, दुसरी आयुष्यभर. कॅथलिक मंडळीने १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत दोन्ही एकत्र धरल्या. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या देवाच्या जीवनात वाटेकरी होण्याची भाषा वापरतात, २ पेत्र १:४ च्या आधाराने. अठराव्या शतकातला इंग्रज प्रचारक जॉन वेस्ली शिकवत असे की परिपूर्ण प्रीती याच आयुष्यात मिळू शकते. ती स्वतःला मिळाली असा उघड दावा मात्र त्याने केला नाही. मी प्रॉटेस्टंट आहे आणि माझं मत त्या बाजूचं आहे. पण पलंगाखालच्या मुलाला बाहेर काढायला हा वाद सुटण्याची वाट पाहावी लागत नाही. हे काम कृपेशिवाय सुरू होत नाही आणि माणसाला झोपेत ठेवून पूर्णही होत नाही, एवढं या सगळ्या परंपरांना मान्य आहे.

पौलाची वाक्यं नीट वाचलीत तर तुमचा 'की' गळून पडेल. फिलिप्पैकरांस पत्रात तो म्हणतो, "भीत व कापत आपले तारण साधून घ्या", आणि लगेच कारण देतो की इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्या ठायी साधून देणारा देव आहे. लक्षात घ्या, 'कारण' म्हणतो, 'पण' म्हणत नाही. देव आत काम करतोय म्हणून तुमच्या कष्टाला अर्थ आहे. रोमकरांस ८:१३ मध्येही तेच. देहाची कर्मं ठार मारायची आहेत, ती कोणी? तुम्ही. कशाने? देवाच्या आत्म्याने. त्या वाक्याचा कर्ता विश्वासणारा आहे आणि हत्यार त्याचं स्वतःचं नाही.

रोमकरांस १२:२ मध्ये आपल्या मराठी भाषांतराने हे फार नेमकं पकडलंय: "आपल्या मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या." होऊ द्या! 'रूपांतर करा' असं नाही, आणि 'होईल तेव्हा होईल' असंही नाही. मूळ ग्रीकमध्ये ती आज्ञा आहे, पण कर्मणी प्रयोगातली, आणि क्रिया एकदाच होऊन संपणारी नाही, चालू राहणारी आहे. हेच क्रियापद नव्या करारात चारच ठिकाणी येतं. दोनदा डोंगरावर येशूचं रूप पालटलं तिथे, मत्तय आणि मार्कमध्ये. तिसरं इथे. चौथं २ करिंथ ३:१८ मध्ये, जिथे पौल म्हणतो की उघड्या चेहऱ्याने प्रभूचं तेज पाहता पाहता आपण त्याच्यासारखे होत जातो. डोंगरावर जे तेज दिसलं त्याच तेजाची भाषा पौल तुमच्या-माझ्या रोजच्या घडणीला लावतो. एवढी वर्षं झाली, हे वाचताना मी अजून थांबतो.

आता तिथे बदल कशामुळे होतो? पाहण्यामुळे. ख्रिस्ताकडे पाहण्यामुळे. तुम्ही बारा वर्षं पाहत आलात ते आपल्या रागाकडे. आज आला का, किती आला, कालपेक्षा कमी होता का. मी तुम्हाला दोष देत नाही. प्रामाणिक माणूस हेच करतो. पण जो दिवसभर स्वतःची नाडी धरून बसतो त्याचे दोन्ही हात गुंतलेले राहतात.

यावरून निर्गमच्या चौतिसाव्या अध्यायातली एक गोष्ट आठवते. पौलाच्या मनातही तिथे तीच होती. मोशे चाळीस दिवस देवाजवळ राहून सीनाय पर्वतावरून खाली आला तेव्हा त्याचा चेहरा तेजस्वी झाला होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्यांना दिसलं. याच्या अगदी उलट चित्र शास्ते पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे. परमेश्वर आपल्याला सोडून गेलाय हे शमशोनाला ठाऊक नव्हतं. एकाला आपलं तेज कळलं नाही, दुसऱ्याला आपलं रितेपण कळलं नाही. म्हणून आपल्या पवित्रतेचं मोजमाप आपण स्वतः करू तेव्हा त्यावर फार भरवसा ठेवू नये असं मला वाटतं. घरातल्यांना विचारावं. तुमच्या पत्नीचा तो प्रश्न कडू लागला असेल, पण तो विचारायची हिंमत तिला झाली हीसुद्धा देवाची कृपाच समजा.

आणि एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलीय. बारा वर्षांपूर्वी असं ओरडल्यावर तुम्हाला रात्री झोप लागली नसती का? तुम्हीच लिहिलंय की तेव्हा घरात हे रोजचं होतं आणि त्याचं काही वाटत नसे. आज वाटतं. मेलेल्या शरीराला टोचलेलं कळत नाही. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायातली "किती मी कष्टी माणूस!" ही हाक कोणाची, विश्वास ठेवण्याआधीच्या माणसाची की नंतरच्या, यावर मोठे वाद झाले. प्राचीन मंडळीतला थोर शिक्षक ऑगस्टीन याने तरुणपणी एक मत धरलं आणि उतारवयात बदलून दुसरं धरलं, की ही विश्वासणाऱ्याचीच झुंज आहे. मला उतारवयातला ऑगस्टीन पटतो. माणूस प्रकाशाजवळ जातो तशी कपड्यावरची धूळ जास्त दिसते.

पण इथे मला तुम्हाला एका धोक्याबद्दल सांगायचंय, कारण 'पवित्रीकरण हळूहळू होतं' हे वाक्य मी फार वेळा सोयीसाठी वापरलेलं ऐकलंय.

जॉन न्यूटन नावाचा एक इंग्रज खलाशी होता. मार्च १७४८ मध्ये समुद्रातल्या वादळात जहाज बुडायला आलं तेव्हा त्याने देवाचा धावा केला आणि तो दिवस आपल्या परिवर्तनाची सुरुवात म्हणून जन्मभर पाळला. आता पुढचं ऐका. त्यानंतर तो गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवर काम करत राहिला, पुढे तशा जहाजांचा कप्तान झाला. रविवारी तो खलाशांची उपासना घेई. खाली साखळदंडात माणसं असत. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तो प्रकृती बिघडल्यामुळे, सद्सद्विवेकाने टोचलं म्हणून नाही. १७६४ मध्ये तो पाळक झाला, सुंदर गीतं लिहिली. आणि त्या धंद्याविरुद्ध त्याने जाहीर पत्रक काढलं ते १७८८ मध्ये, जहाज सोडल्यानंतर चौतीस वर्षांनी. आपण त्यात हातभार लावला याची लाज कायम राहील असं त्याने त्यात लिहिलं. नंतर संसदेच्या समितीपुढे साक्षही दिली. ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केला तो १८०७ मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूटन वारला.

ही गोष्ट दोन्ही बाजूंनी वाचावी लागते. देवाने त्या माणसाला सोडलं नाही. चाळीस वर्षं लागली तरी काम थांबवलं नाही. याने तुम्हाला धीर यावा. पण त्या सावकाश चाललेल्या पवित्रीकरणाची किंमत कोणी मोजली? न्यूटनने नाही. जहाजाच्या तळाशी बांधलेल्या माणसांनी मोजली. तुमचा राग सावकाश जात असेल तर त्याची किंमत तुम्ही मोजत नाही. सहा वर्षांचं पोर मोजतंय. म्हणून 'हळूहळू' हा शब्द देवाच्या धीराचं वर्णन करायला वापरावा, स्वतःची सोय करून घ्यायला नाही.

मग करायचं काय?

इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय काढा. पहिल्या तीन अध्यायांत आज्ञा जवळजवळ नाहीतच. ख्रिस्तात काय मिळालंय तेवढंच पौल सांगत राहतो. चौथ्यापासून आज्ञा सुरू होतात. जुना मनुष्य काढून टाका, मनाने नवे व्हा, नवा मनुष्य धारण करा, जशी कपड्यांची अदलाबदल. आणि मग अठ्ठाविसाव्या ओवीत चोराचं उदाहरण येतं. हे उदाहरण मला पवित्रीकरणावरच्या कितीतरी जाड ग्रंथांपेक्षा उपयोगी पडलंय. चोरी करणाऱ्याने पुढे चोरी करू नये, इथे पौल थांबत नाही. त्याने आपल्या हातांनी कष्ट करावेत. इथेही थांबत नाही. गरजवंताला द्यायला त्याच्याजवळ काही असावं म्हणून. म्हणजे जे हात दुसऱ्याचं घेत होते तेच हात देऊ लागले की ते काम पुरं झालं.

तुम्ही बारा वर्षं फक्त चोरी थांबवायला पाहत आहात. ओरडायचं नाही, ओरडायचं नाही. ओरडलो नाही तर जिंकलो. मग रिकाम्या जागेत काय ठेवणार? राग आवरून गप्प बसलेला बापसुद्धा मुलाला भीतीच वाटतो. त्या शांततेत काय शिजतंय ते मुलांना बरोबर कळतं. त्याच अध्यायाच्या शेवटी पौल राग, क्रोध, आरडाओरडा काढून टाकायला सांगतो आणि लगेच त्या जागी काय घालायचं तेही सांगतो: ममता, कनवाळूपणा, क्षमा, जशी देवाने ख्रिस्तात तुम्हाला क्षमा केली तशी. ज्या तोंडाने मूल पलंगाखाली गेलं, त्याच तोंडातून त्याला रोज एक तरी उभारी देणारा शब्द मिळायला हवा. आग विझली असेल त्या दिवशीसुद्धा, आणि काही फुटलं नसेल त्या दिवशी तर नक्कीच.

दुसरं, राग कशाचं रक्षण करतोय ते शोधा. याकोब आपल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात विचारतो की तुमच्यात भांडणं येतात कुठून, आणि उत्तरात आतल्या वासनांकडे बोट दाखवतो. मी लोकांना एक साधी वही ठेवायला सांगतो. 'मला राग आला' असं नाही लिहायचं. 'मला काय हवं होतं, जे मिळालं नाही' ते लिहायचं. महिनाभरात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा यायला लागते. एकाची निघाली मानमरातब. माझं ऐकलं नाही म्हणजे मला किंमत नाही. एका बहिणीची निघाली भीती. सगळं हातातून निसटतंय याची. तुमची काय निघेल मला माहीत नाही. पण ती सापडली की प्रार्थना बदलते. 'प्रभू, माझा राग घे' ही प्रार्थना वाईट नाही, फक्त ती धुराकडे बोट दाखवते. 'प्रभू, लोकांनी मला मान दिला नाही तर मी कोणीच नाही असं मला वाटतं' ही प्रार्थना विस्तवापर्यंत जाते, आणि तिथे सुवार्तेजवळ द्यायला उत्तर असतं.

तिसरं, कबुली. देवाजवळ तुम्ही रडता हे चांगलंच आहे. पण पाप मुलाविरुद्ध झालं असेल तर मुलाजवळ जाऊन 'मी चुकलो' म्हणायला हवं. त्या वाक्याला 'पण' जोडायचा नाही. 'मी चुकलो, पण तूही जपून धरायला हवं होतं' ही कबुली नव्हे, हा दुसरा आरोप आहे. बापाने मुलापुढे वाकलं की अधिकार जातो अशी भीती पुष्कळांना वाटते. मी तरी उलटंच होताना पाहिलंय. आणि मुलाला क्षमा करायला भाग पाडू नका. त्याची क्षमा ही तुमच्या मनःशांतीची सोय नाही.

चौथं, एकटे राहू नका. याकोब पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापं कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा म्हणतो. मंडळीतला एक वयस्क, तोंडाचा पक्का माणूस शोधा. त्याला आठवड्यातून एकदा खरं काय झालं ते सांगा. पवित्र होण्याच्या आज्ञा पत्रांमध्ये बहुतेक अनेकवचनी आहेत. आपण त्या एकट्याने वाचतो आणि एकट्यानेच पाळायला जातो.

शरीराचंही पाहा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, दूताकडून दोनदा खाऊ घातलं, आणि बोलणं झालं ते नंतर होरेब डोंगरावर. अपुरी झोप, दुखणं, कामाचा ताण यांनी राग पेटतो. हे सांगितलं म्हणजे पापाला सबब दिली असं होत नाही. ओढ्याला पूर कुठून येतो ते कळलं तर बांध घालता येतो.

आणि हे स्पष्टच विचारतो: हात उगारला जातो का? पत्नीच्या किंवा मुलांच्या अंगाला कधी लागलंय का? तसं असेल तर वर लिहिलेलं सगळं नंतरचं. आधी त्यांची सुरक्षितता. मंडळीच्या वडीलजनांना आजच सांगा, गरज पडली तर काही दिवस वेगळे राहा, आणि रागावर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही. आणि 'सहन कर, प्रभू त्यांना बदलेल' असं तुमच्या पत्नीला कोणी सांगत असेल तर ते माझ्या मते चुकीचं सांगणं आहे. दुसऱ्याच्या पवित्रीकरणाची वाट पाहत मार खायला शास्त्राने तिला सांगितलेलं नाही.

वाचन-प्रार्थनेबद्दल थोडंच सांगतो, कारण ते तुम्ही करताच. एक बदल सुचवतो. काही महिने एकच शुभवर्तमान घ्या, अगदी सावकाश. येशू चिडलेल्या, हट्टी, उशिरा समजणाऱ्या माणसांशी कसा बोलतो तेवढंच पाहत जा. शिष्य लेकरांना अडवतात तेव्हा त्याला राग कोणाचा येतो आणि हात कोणावर ठेवतो ते मार्कच्या दहाव्या अध्यायात पाहा. रागसुद्धा पवित्र असू शकतो. तो लेकरांच्या बाजूने उभा राहतो.

भावनांवर फार जाऊ नका. वेस्लीच्या आयुष्यात २४ मे १७३८ ची रात्र प्रसिद्ध आहे. लंडनमधल्या एका सभेत प्रॉटेस्टंट सुधारणेचा पुढारी मार्टिन लूथर याची रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना वाचली जात होती आणि त्याच्या मनाला ऊब आली, ख्रिस्ताने आपलीही पापं काढली असा भरवसा आला. लोक ती रात्र सांगतात. पण जानेवारी १७३९ मध्ये, आठ महिनेही झाले नव्हते, त्याने रोजनिशीत लिहिलं की मी अजून ख्रिस्ती नाही. प्रीती, शांती, आनंद मला आपल्यात दिसत नाहीत. आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तो उघड्या मैदानात प्रवचन करायला उभा राहिला. पुढची पन्नास वर्षं थांबला नाही. मन थंड असताना पडलेलं पाऊलही पाऊलच असतं.

आता माझं सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मंडळीच्या सभेत तिथल्या एका विश्वासणाऱ्या भावाने माझ्यावर पैशाचा आरोप केला. हिशेब तपासले, आरोप खोटा निघाला, पण त्याने शब्द मागे घेतले नाहीत. चार वर्षं मी क्षमेवर प्रवचनं दिली आणि तो माणूस दारातून आत आला की माझ्या पोटात गाठ पडे. प्रभुभोजनाच्या वेळी त्याच्या हातात भाकरी देताना मी त्याच्या डोळ्यांकडे बघत नसे. उपास केले, रात्री जागलो, एका संमेलनात पुढे जाऊन गुडघे टेकले. परत आलो, गाठ तिथेच. मग एका म्हाताऱ्या पाळकांनी सांगितलं, त्याच्याबद्दल प्रार्थना करणं थांबव, त्याच्यासाठी कर. त्याच्या गुडघेदुखीसाठी, त्याच्या मुलीच्या परीक्षेसाठी. पहिले कितीतरी महिने ते शब्द कोरडे होते. तरी नेमाने म्हणत राहिलो. दीडेक वर्षाने तो दवाखान्यात असल्याचा निरोप आला. मी चप्पल घातली आणि निघालो. दोन तास त्याच्याजवळ बसून, पाय चेपून परत आलो. दारातच पत्नी म्हणाली, "तुम्ही कोणाकडे गेला होता ते लक्षात आलं का?" खरंच आलं नव्हतं. गाठ कधी सुटली ते मला आजही सांगता येत नाही. मार्कच्या चौथ्या अध्यायातला तो शेतकरी, बी टाकतो, झोपतो, उठतो, आणि रोप कसं वाढतं ते त्याला कळत नाही.

म्हणून तुमच्या बारा वर्षांत काहीच उगवलं नाही असं तुम्ही म्हणता ते मी मान्य करत नाही. जमिनीखालचं तुम्हाला दिसत नाही, एवढंच.

आज रात्री मुलगा झोपण्याआधी त्याच्याजवळ जा. उभे राहून बोलू नका. खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला या. 'त्या दिवशी मी ओरडलो ते माझं चुकलं. तू घाबरलास, ते माझ्यामुळे' एवढं बोला आणि थांबा. तो बहुधा काही बोलणार नाही, पांघरूण ओढून घेईल किंवा भलतंच काहीतरी विचारेल. विचारलं तर त्याचं उत्तर द्या. मग बाहेर येऊन पत्नीला विचारा की मी अजून कुठे कुठे तुम्हाला घाबरवतो, आणि ती सांगत असताना मध्ये बोलू नका. पुढच्या महिन्यात मला लिहाल तेव्हा तुमचा राग किती कमी झाला ते नका लिहू. मुलाच्या हातून पुन्हा काही फुटलं तेव्हा तो कुठे गेला, ते लिहा.